कुत्र्याने माणसाची गोळी गिळली तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्र्याने आत्ताच गोळ्या खाल्ल्यात. सगळ्यात आधी काय करायचं?

घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. पुढचे सगळे निर्णय या वेळेवर ठरतात. मग जमिनीवरच्या गोळ्या, स्ट्रिपचे तुकडे, बाटलीचं झाकण, सगळं उचला. घरात दुसरा कुत्रा किंवा मांजर असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत न्या. कोणी किती खाल्लं हे नक्की माहीत नसेल, तर सगळा माल प्रत्येकाने एकट्यानेच खाल्ला असं धरून हिशेब करायचा.

कुत्रा शांत असेल आणि तोंडाला हात लावू देत असेल, तर गाल आणि हिरडीच्या मधली खाच बोटाने तपासा. गोळी बऱ्याचदा तिथे चिकटून राहते. गुरगुरत असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात हात घालू नका.

यानंतर लगेच पशुवैद्यांना फोन. पाच गोष्टी सांगायच्या: औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम, जास्तीत जास्त किती गोळ्या गेल्या असतील, किती वाजता, कुत्र्याचं वजन, आणि त्याला आधीपासून काही आजार किंवा औषध चालू आहे का. “एक पांढरी छोटी गोळी” या वर्णनावर कोणताही डॉक्टर काही करू शकत नाही.

स्ट्रिपवर नावच नाही, केमिस्टने कापून दिलेली होती. आता?

आपल्याकडे हे नेहमीचं आहे. दहाची स्ट्रिप कात्रीने कापून चार गोळ्या दिल्या, की नाव आणि ताकद छापलेला भाग दुकानातच राहतो. बिल शोधा. बिल नसेल तर दुकानात फोन करा आणि उरलेल्या तुकड्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून पाठवा. चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये असेल तर तोही उपयोगी पडतो.

नाव मिळालं तरी शेपटासकट वाचा. झिरोडॉल-पी आणि झिरोडॉल-एसपी ही एकाच घराण्यातली नावं, पण आतला मसाला वेगळा. ‘प्लस’, ‘एमआर’, ‘एएम’, ‘एच’ ही अक्षरं म्हणजे बहुधा आत दुसरं, कधी तिसरंही औषध आहे. ‘एसआर’, ‘ईआर’, ‘एक्सएल’ (आणि काही गोळ्यांत ‘एमआर’सुद्धा) असेल तर गोळी पोटात हळूहळू सुटणारी आहे. परिणाम उशिरा सुरू होतो आणि जास्त वेळ टिकतो. शिवाय कुत्र्याने ती चावून फोडली असेल, तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

नेमक्या किती खाल्ल्या हे कसं कळणार?

चघळलेली स्ट्रिप टेबलावर सपाट करा आणि तुकडे कोड्यासारखे जुळवा. प्रत्येक खळगा मोजा: भरलेला, रिकामा, गायब. रिकाम्यांतून घरातल्या माणसांनी घेतलेल्या गोळ्या वजा करा. आजींनी आज सकाळची घेतली की विसरल्या, हे त्यांनाच विचारा. जे उरेल तो आकडा. शंका असेल तर मोठा आकडा धरा.

खळगा गायब असेल तर ॲल्युमिनियमचा तुकडाही पोटात गेला आहे. बहुतेक वेळा तो शीमधून निघून जातो. पण सारखी उलटी, पोट आवळून धरणं, शीमध्ये रक्त किंवा डांबरासारखी काळी शी दिसली तर तो वेगळा प्रश्न आहे, आणि तो डॉक्टरांकडेच सुटेल.

एकच तर गोळी आहे. एवढ्याने काय होणार?

गोळीच्या आकारावरून काही ठरत नाही. कुत्र्याच्या प्रत्येक किलोमागे किती मिलिग्रॅम गेलं, हा खरा आकडा. आधी वजन: तुम्ही एकटे वजनकाट्यावर उभे राहा, मग कुत्र्याला उचलून घेऊन. दोन्हींतला फरक म्हणजे त्याचं वजन.

उदाहरण घेऊ. ८ किलोच्या पगने कॉम्बिफ्लामच्या ३ गोळ्या खाल्ल्या. एका गोळीत आयब्युप्रोफेन ४०० मिग्रॅ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ. म्हणजे आयब्युप्रोफेन १२०० ÷ ८ = १५० मिग्रॅ प्रतिकिलो, आणि पॅरासिटामॉल ९७५ ÷ ८ = साधारण १२२ मिग्रॅ प्रतिकिलो. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटाला त्रास सुमारे २५ मिग्रॅपासूनच सुरू होतो आणि १७५ च्या आसपास किडनी धोक्यात येते. पॅरासिटामॉलने लिव्हरला धोका सुमारे १०० पासून. म्हणजे या पगचं पोट, किडनी आणि लिव्हर तिन्ही पणाला लागलेत. त्याच ३ गोळ्या ३५ किलोच्या लॅब्राडॉरने खाल्ल्या, तर आयब्युप्रोफेन ३४ वर येतं. तेव्हाही फोन करायचाच, पण चित्र खूप वेगळं.

हे आकडे घाई किती करायची हे समजण्यासाठी आहेत, “अजून हद्दीत आहे” म्हणून घरी थांबण्यासाठी नाहीत. म्हातारा, किडनीचा त्रास असलेला, किंवा सांधेदुखीसाठी आधीच वेदनाशामक चालू असलेला कुत्रा याच्या निम्म्यातही आजारी पडतो.

मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू का?

नाही. हा उपाय गोळीपेक्षा महागात पडू शकतो. ओकारी झाली नाही, तर सगळं मीठ रक्तात जातं, सोडियम वाढतं, मेंदूवर परिणाम होऊन झटके येतात. घशात बोटं घालणंही निरुपयोगी. माणसासारखी प्रतिक्रिया कुत्र्याला येत नाही, चावा मात्र बसतो.

हायड्रोजन पेरॉक्साइडबद्दल सगळेच विचारतात, कारण परदेशी व्हिडिओंत ते दाखवतात. ते व्हिडिओ ३ टक्क्यांच्या द्रावणाबद्दल बोलत असतात. आपल्या केमिस्टकडे मिळणारी बाटली बहुधा ६ टक्क्यांची असते, लेबलवर ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेलं असतं. तेच माप दुप्पट तीव्रतेने पोटात गेलं की जठराचं अस्तर भाजतं. त्यामुळे हे काम डॉक्टर फोनवर स्पष्ट सांगतील तरच, त्यांनी सांगितलेल्या मापानेच.

आणि काही वेळा ओकारी मुळीच काढायची नसते:

- कुत्रा सुस्त, लडखडत चालणारा, थरथरणारा किंवा झटके येत असलेला असेल
- पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉगसारखा चपट्या नाकाचा असेल (ओकलेलं फुप्फुसात जायचा धोका जास्त, डॉक्टरसुद्धा यांच्याबाबत दोनदा विचार करतात)
- गोळ्यांबरोबर ग्लुकोमीटर किंवा कानाच्या मशीनची बटण-बॅटरी, फिनाइल, ॲसिड असं काही गेलं असेल
- आधीच आपोआप उलट्या सुरू असतील

दवाखान्यात इंजेक्शन देऊन ओकारी काढतात. साधारण दोन तासांच्या आत फायदा असतो, लवकर तितका चांगला. तरीही सगळं कधीच बाहेर येत नाही. म्हणून “ओकला, दोन गोळ्या दिसल्या, सुटलो” असं म्हणून परत फिरू नका. ओकलेलं पिशवीत भरून सोबत न्या.

दूध, तूप, दही, लिंबूपाणी, कोळसा?

दूध विष ‘मारत’ नाही. तूप आणि तेल तर काही औषधं अधिक चांगली शोषून घ्यायला मदत करतात. ड जीवनसत्त्व त्यातलंच. सुस्त कुत्र्याच्या तोंडात चमच्याने काहीही ओतलं, तर ते फुप्फुसात जाऊ शकतं, आणि मग न्यूमोनियाचं दुखणं वेगळंच.

कोळशाचं म्हणाल तर दवाखान्यातला ‘ॲक्टिव्हेटेड चारकोल’ ही खास प्रक्रिया केलेली पूड असते. ती किलोमागे १ ते २ ग्रॅम देतात. १० किलोच्या कुत्र्याला १० ते २० ग्रॅम. शेगडीतला लोणारी कोळसा वाटून हे होत नाही, आणि माणसांच्या गॅसवरच्या चारकोल गोळ्या त्या मापाला पुरत नाहीत. लोहाच्या गोळ्यांना तर चारकोल धरतच नाही.

कुत्रा मजेत आहे, शेपूट हलवतोय. सकाळपर्यंत थांबलं तर?

थांबू नका. पॅरासिटामॉल घेतलेला कुत्रा पहिले काही तास अगदी ठीक दिसू शकतो. लिव्हरची खराबी एक ते तीन दिवसांनी उघडी पडते. डी-३ (ड जीवनसत्त्व) चा परिणाम रक्तात दिसायला बारा तासांपासून दोन-तीन दिवस लागतात. वेदनाशामकांचा अल्सर चौथ्या-पाचव्या दिवशीही फुटू शकतो. लक्षणं दिसेपर्यंत थांबलं, तर ओकारी काढून काम भागायची वेळ निघून गेलेली असते.

कोणत्या गोळ्यांना सगळ्यात जास्त घाबरायचं?

आपल्या घरांतल्या ड्रॉवरचा विचार केला तर पहिला नंबर वेदनाशामकांचा: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड (मेफ्टाल). यांच्या बऱ्याच गोळ्यांत सोबत पॅरासिटामॉल असतं. वेदनाशामक जेल गुडघ्याला लावून बसलेल्या माणसाचा पाय कुत्रा चाटतो, तेही याच खात्यात धरा. चाटल्याने पोटात जातं ते औषधच.

दुसरा नंबर, आणि याकडे लोकांचं लक्ष नसतं, तो आठवड्यातून एकदा घ्यायच्या डी-३ च्या ६०,००० युनिटच्या कॅप्सूलचा आणि पुडीचा. ‘व्हिटॅमिनच आहे’ म्हणून ती फ्रिजवर किंवा जेवणाच्या टेबलावर पडलेली असते. ६०,००० युनिट म्हणजे १.५ मिग्रॅ. कुत्र्यात त्रासाची सुरुवात किलोमागे साधारण ०.१ मिग्रॅपासून धरतात. म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याला एक कॅप्सूल पुरे, आणि ५ किलोच्या पॉमेरेनियनने एक खाल्ली तर ती तिप्पट. चार कॅप्सूलची स्ट्रिप त्याने संपवली, तर किलोमागे १.२ मिग्रॅ. रक्तातलं कॅल्शियम चढतं, तहान आणि लघवी वाढते, भूक मरते, आणि किडनी कायमची जाऊ शकते. अशा कुत्र्याचं कॅल्शियम पहिल्या दिवशी आणि मग २४, ४८, ७२ तासांनी तपासावं लागतं. एकदाच तपासून ‘नॉर्मल’ आलं यावर समाधान मानू नका.

आजोबांची बीपीची किंवा शुगरची गोळी खाली पडली आणि याने उचलली.

बीपीच्या गोळ्यांत ॲम्लोडिपिन आणि मेटोप्रोलॉल यांना गंभीर समजा. छोट्या कुत्र्यात एका गोळीनेही रक्तदाब कोसळू शकतो, आणि तो काही तासांनी कोसळतो. टेल्मिसार्टन एकटं असेल तर त्यामानाने सौम्य, पण ‘टेल्मिसार्टन-एएम’ असेल तर त्यात ॲम्लोडिपिन आहे.

शुगरच्या बाबतीत मेटफॉर्मिन एकटं असेल तर सहसा उलट्या-जुलाबांवर भागतं. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल तर साखर धोकादायक उतरते आणि हा परिणाम दिवसभर किंवा जास्त टिकू शकतो. बहुतेक गोळ्या दोन्हींच्या मिश्रणाच्या असतात. कुत्रा शुद्धीत असेल तर निघण्याआधी त्याला नेहमीचं जेवण द्या. लडखडायला लागला असेल तर बोटावर मध किंवा ग्लुकोज पावडरची पेस्ट घेऊन हिरड्यांना चोळा, ओतू नका, आणि निघा. मधाने शुद्धीवर आला म्हणून परत वळू नका. साखर पुन्हा उतरते.

झायलिटॉल या गोडव्यामुळेही असंच होतं. शुगर-फ्री च्युइंगगम, काही माउथवॉश आणि तोंडात विरघळणाऱ्या काही गोळ्या यांत ते असतं. माणसाला निरुपद्रवी, कुत्र्यात किलोमागे ०.१ ग्रॅमच्या आसपासच साखर पाडतं.

घरात टीबीचं औषध चालू आहे. त्या गोळ्या गेल्या तर?

याचा उल्लेख परदेशी यादीत क्वचित असतो, आपल्याकडे मात्र घरोघरी प्रसंग आहे. सरकारी कोर्समधल्या चार औषधांच्या एका गोळीत आयसोनियाझिड ७५, रिफॅम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिग्रॅ असतं. लघवी केशरी-लाल होते ती रिफॅम्पिसिनमुळे, त्याने घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते आयसोनियाझिडला. ते शरीरात निकामी करण्याची जी एक रासायनिक पायरी माणसात असते, ती कुत्र्याच्या शरीरात नाही. किलोमागे ५० मिग्रॅ जिवावर बेतू शकतं. १० किलोच्या कुत्र्यासाठी हा आकडा ७ गोळ्यांत गाठला जातो. अर्ध्या तासापासून दोन तासांत झटके सुरू होतात आणि नेहमीच्या इंजेक्शनने ते नीट आटोक्यात येत नाहीत.

यावर उतारा आहे: ब-६ जीवनसत्त्व, म्हणजे पायरिडॉक्सिन, जितकं आयसोनियाझिड गेलं साधारण तितकंच. दवाखान्यात ते तयार असेलच असं नाही. म्हणून फोनवर पहिल्याच वाक्यात “टीबीच्या गोळ्या, आयसोनियाझिड” असं सांगा, म्हणजे तुम्ही पोहोचेपर्यंत इंजेक्शन मागवता येईल.

दम्याचा पंप चावून फोडला.

सॅल्ब्युटामॉलच्या पंपात १०० मायक्रोग्रॅमचे २०० डोस असतात. भरलेला डबा दातांनी भोसकला की त्यातलं बरंच एका झटक्यात तोंडात आणि नाकात जातं. मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला बोटं ठेवून नाडी १५ सेकंद मोजा, चाराने गुणा. निवांत मोठ्या कुत्र्याची ६० ते १००, छोट्याची १०० ते १४० असते. १८०–२०० लागली, अंग थरथरतंय, अस्वस्थ फेऱ्या मारतोय, तर तातडीने निघा. ओकारीचा इथे उपयोग नाही. पोटॅशियम आणि हृदयाचे ठोके सांभाळणं हाच उपचार, आणि वेळेत मिळाला तर कुत्रे छान बरे होतात.

काही गोळ्या निरुपद्रवीही असतील ना?

आहेत. थायरॉइडच्या गोळीने लोक फार घाबरतात, पण त्या गोळीतल्या थायरॉक्सिनचा कुत्र्यांना उपचारासाठी देतात तो डोस माणसापेक्षा किलोमागे कितीतरी जास्त असतो. १०० मायक्रोग्रॅमच्या एक-दोन गोळ्यांनी मध्यम कुत्र्याला सहसा काही होत नाही. अँटासिड, एखादी अँटिबायोटिक, गर्भनिरोधकाच्या दोन-चार गोळ्या यांनीही बहुधा पोट बिघडण्यापलीकडे जात नाही. बाटलीतली सिलिका जेलची पुडीही तशीच. लोह असलेल्या गोळ्यांना मात्र यात धरू नका. गरोदरपणात मिळणाऱ्या लोह-फॉलिक गोळीत ६० मिग्रॅ लोह असतं. किलोमागे २० मिग्रॅपासून त्रास आणि ६० च्या पुढे जिवाला धोका.

ताप होता म्हणून आम्हीच अर्धी क्रोसिन दिली. चुकलं का?

रागावणार नाही, पण हो. बरेचदा ताप नसतोच. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे आपल्या हाताला तो कायम गरमच लागतो. नाक कोरडं म्हणजे ताप, हेही खरं नाही. मोजायचं तर डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून.

दिलेली मात्रा, वेळ आणि किती वेळा दिली ते डॉक्टरांना सांगा. लपवू नका. लपवलं तर ते त्यावर दुसरं वेदनाशामक देतील, आणि जोडीने नुकसान होईल.

आयुर्वेदिक आणि होमिओपॅथिक औषधांचं काय?

होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या म्हणजे मुख्यतः साखर. आख्खी बाटली संपवली तर जुलाब होतील इतकंच. द्राक्षासव, अशोकारिष्ट यांसारख्या आसव-अरिष्टांत मात्र आंबवण्यातून तयार झालेला ५ ते १० टक्के अल्कोहोल असतो. अर्धी बाटली चाटणारा छोटा कुत्रा खरोखर झिंगतो आणि गार पडतो. भस्म (धातू किंवा खनिज जाळून केलेली पूड) असलेल्या गोळ्यांचं खोकं सोबत न्या.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत कशावर लक्ष ठेवू?

वरचा ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी ठीक. बोटाने दाबून सोडा. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरड्या चॉकलेटी किंवा निळसर-करड्या झाल्या, चेहरा किंवा पंजे सुजले, तर पॅरासिटामॉलने रक्तातला ऑक्सिजन वाहायची ताकद गेली आहे. मिनिटांचा प्रश्न आहे. काळ्या हिरड्यांच्या कुत्र्यात खालच्या पापणीची आतली बाजू बघा.

सुस्त असेल तर कुशीवर झोपवा, डोकं किंचित खाली. तोंड बांधू नका. झटका आला तर किती वेळ चालला ते मोजा.

डॉक्टर नेमकं काय करतात? खर्च वाढवण्यासाठी ॲडमिट करतात का?

वेळेत आला तर ओकारी, मग चारकोल, मग सलाईन. पॅरासिटामॉलसाठी उतारा आहे: एन-ॲसिटिलसिस्टीन, आधी किलोमागे १४० मिग्रॅ आणि मग दर सहा तासांनी ७०, अनेक डोस. रात्री तिसरा डोस कोणी द्यायचा, हा ॲडमिट करण्यामागचा साधा हिशेब आहे. वेदनाशामक असेल तर सलाईन ४८ तास किंवा जास्त, कारण तेवढा वेळ किडनीला भरपूर पाणी मिळत राहायला हवं. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि लिव्हरची तपासणी पहिल्या दिवशी करून ठेवतात. ती बिघाड शोधायला नाही, तर दोन दिवसांनी तुलना करायला.

रात्रीचे दोन वाजलेत, किंवा गावात कुत्र्यांचा डॉक्टरच नाही.

मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, म्हणजे आपलं बैलघोडा हॉस्पिटल. परळ, नागपूर, शिरवळ, उदगीर, परभणी इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांना चिकित्सालयं जोडलेली आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी पशु सर्वचिकित्सालय असतं. रात्री कुठे कोण असतं, याची चौकशी आजच दिवसा करून दोन नंबर फोनमध्ये टाका. १९६२ ही फिरत्या पथकाची हेल्पलाइन मुख्यतः जनावरांसाठी आहे, पण जवळच्या डॉक्टरांचा पत्ता लागू शकतो.

गावात गाई-म्हशींचा डॉक्टर असेल तर “तो कुत्र्यांचा नाही” म्हणून टाळू नका. सलाईन लावणं, ओकारीचं इंजेक्शन देणं, झटके थांबवणं त्यांना येतं, आणि पहिल्या दोन तासांत गरज त्याचीच असते. मोठ्या दवाखान्याला नंतर जाता येईल.

मांजरीने खाल्ली असेल तर हेच सगळं लागू?

पॅरासिटामॉलच्या बाबतीत नाही. मांजरीचं लिव्हर ते नीट निकामी करू शकत नाही. ५०० मिग्रॅची पाव गोळीही धोक्याची, आणि एक आख्खी जीव घेऊ शकते. हिशेब करत बसू नका, निघा. केस उगवण्याचं मिनॉक्सिडिल लावलेली उशी किंवा टाळू मांजरीने चाटली तरी तीच घाई.

गोळ्या ठेवायच्या कुठे?

उंचावर नाही, बंद दाराआड. लॅब्राडॉर ओट्यापर्यंत सहज पोहोचतो. वारांचे कप्पे असलेला प्लास्टिकचा डबा कुत्र्याला खेळण्यासारखा वाटतो, आतल्या गोळ्या खुळखुळतात. पाहुण्यांची पर्स आणि प्रवासाची बॅग जमिनीवर ठेवू देऊ नका. हात थरथरणाऱ्या वडीलधाऱ्यांना गोळी वाटीत काढून द्या आणि ती घेईपर्यंत कुत्रा दुसऱ्या खोलीत ठेवा. मुदत संपलेल्या गोळ्या उघड्या कचऱ्यात टाकल्या तर त्या गल्लीतल्या कुत्र्यांच्या पोटात जातात. स्ट्रिपमधून काढून ओल्या मातीत किंवा चहाच्या चोथ्यात कालवून, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून मगच टाका.